परिचारिकांचा संप आणि आपण



आमच्या रात्रीच्या साक्षरता वर्गात रोज थोडा वेळ वर्तमानपत्राचे वाचन होते. ज्याला जमेल त्याने एक बातमी मोठ्याने वाचायची, आणि मग सर्वांनी तिच्यावर बोलायचे, असा शिरस्ता आहे. एके दिवशी एका ताईंनी अक्षराला अक्षर लावून मथळा वाचला : ‘परिचारिकांचा संपाचा इशारा’. तो ऐकताच मागे बसलेल्या आजी म्हणाल्या, “गुरुजी, नर्सबाईच संपावर गेल्या, तर आजाऱ्यानं मरायचं का काय?”

दुसरे एक गृहस्थ म्हणाले, “आणि पगार काय थोडा असतो का त्यांना? जरा काही झालं की संप!”

यावर कोपऱ्यातल्या एक काकू हळूच बोलल्या, “माझी लेक खाजगी दवाखान्यात नर्स आहे, गुरुजी. तिचा पगार सांगितला तर तुम्हांला खोटं वाटेल. कर्ज काढून शिकवली तिला.”

वर्ग गप्प झाला. आजींचा प्रश्न खरा होता आणि काकूंचे बोलणेही खरे होते. त्या रात्री मला नीट उत्तर देता आले नाही. नंतर जे वाचले आणि जो विचार केला, तो या धड्यात मांडतो.

१. परिचारिका काय करते?

परिचारिका म्हणजे नर्स. आपण तिला सिस्टर म्हणतो. डॉक्टर दिवसातून एकदोनदा येतात, रोग्याला तपासतात, औषध लिहून देतात. पण ते औषध वेळेवर देणे, सुई टोचणे, सलाईन लावणे व बदलणे, ताप, नाडी व रक्तदाब मोजून लिहून ठेवणे, जखम धुऊन पट्टी बांधणे, रोग्याची कूस बदलणे, हे सारे परिचारिका करते. रात्री दोन वाजता रोग्याचा श्वास जड झाला, तर ते प्रथम तिच्या ध्यानात येते. मग ती डॉक्टरांना बोलावते. तिची नजर चुकली तर डॉक्टरांनाही उशिरा कळते.

हे काम नुसत्या मायेने जमत नाही. त्याला शिक्षण लागते. बारावीनंतर तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम, किंवा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम करावा लागतो. त्यानंतर राज्याच्या परिषदेकडे नाव नोंदवावे लागते. औषधाची मात्रा किती, कोणत्या औषधाने काय अपाय होतो, हे तिला ठाऊक असावे लागते. दहाच्या जागी शंभर झाले, तर माणूस जातो. म्हणून परिचारिकेचे काम जोखमीचे आहे.

या कामात पुरुषही असतात. त्यांना ब्रदर म्हणतात. या धड्यात परिचारिका असा शब्द आला, तरी त्यात तेही धरावेत.

२. माझी एक चूक

येथे माझी एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी माझ्या पत्नीचे पोटाचे ऑपरेशन झाले. एका मोठ्या वॉर्डात तिला ठेवले होते. खाटा चाळीस, आणि रात्रपाळीला सिस्टर एकच. मध्यरात्रीनंतर सलाईनची बाटली संपत आली. मी हाक मारली. सिस्टर वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला होत्या, त्या आल्या नाहीत. मी पुन्हा हाक मारली. तिसऱ्या वेळी माझा तोल गेला. मी जागेवरून ओरडलो, “पगार घेता ना? मग काम नको का करायला?”

त्या आल्या. बाटली बदलली. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, “काका, त्या टोकाच्या खाटेवरचे आजोबा आत्ताच गेले. त्यांच्या लेकापाशी दोन मिनिटं थांबले होते.”

मी काय बोलणार? सकाळी आठ वाजता पाहिले, तर त्याच सिस्टर अजून कामावर होत्या. त्यांच्या जागी येणारी आली नव्हती. त्यांचे डोळे लाल झाले होते, आणि तरी त्या एका लहान मुलाला हसवत औषध पाजत होत्या.

जन्मभर मी मुलांना शिकवले की, बोलण्यापूर्वी विचार करावा. त्या रात्री मी तो केला नाही. जिने ती व्यवस्था केली नव्हती, तिलाच मी बोल लावला. चाळीस खाटांवर एकच बाई ठेवणारे लोक त्या वेळी आपापल्या घरी झोपले होते.

३. थोडा हिशेब करू

आता पाटी पेन्सिल घ्या. एक पाळी आठ तासांची धरू. एका तासात ६० मिनिटे. म्हणून ८ गुणिले ६० म्हणजे ४८० मिनिटे. वॉर्डात ४० रोगी. ४८० भागिले ४० म्हणजे १२.

उत्तर आले बारा मिनिटे. म्हणजे आठ तासांच्या पाळीत एका रोग्याच्या वाट्याला सिस्टरची बारा मिनिटे येतात. त्यातच औषध, सुई, सलाईन, पट्टी, आणि कागदावरच्या नोंदी. तिने पाणी प्यायचे, दोन घास खायचे, तेही त्यातूनच. एखाद्या रोग्याची प्रकृती बिघडली आणि तिथे अर्धा तास गेला, तर तो अर्धा तास बाकीच्यांच्या वाट्यातून वजा होतो.

मग किती रोग्यांमागे एक परिचारिका असावी? आपल्या देशात यासाठी भारतीय परिचर्या परिषद आहे. तिने घालून दिलेल्या प्रमाणाप्रमाणे सर्वसाधारण वॉर्डात, जेथे वैद्यकीय शिक्षण दिले जाते अशा रुग्णालयात तीन रोग्यांमागे एक, आणि इतर रुग्णालयांत पाच रोग्यांमागे एक परिचारिका असावी. अतिदक्षता विभागात तर एका रोग्यामागे एक असावी. कागदावरचे हे प्रमाण आणि चाळीस खाटांवरची एक सिस्टर यांत किती अंतर आहे, ते तुम्हीच पाहा.

हे अंतर जिवाशी संबंध असलेले आहे. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया नावाचे राज्य आहे. तेथील १६८ रुग्णालयांचा अभ्यास लिंडा एकेन या विदुषीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी केला. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेल्या दोन लाखांहून अधिक रोग्यांची माहिती त्यांनी तपासली. त्यांना असे आढळले की, परिचारिकेमागे एकेक रोगी वाढला, की रोगी महिनाभरात दगावण्याचा संभव सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेला दिसतो.

म्हणून ही गोष्ट मनात पक्की ठेवा. परिचारिका जेव्हा म्हणते, “आमची संख्या वाढवा, आम्हांला सलग दोन पाळ्या करायला लावू नका,” तेव्हा ती स्वतःसाठी मागते, आणि खाटेवर पडलेल्या माणसासाठीही मागते. तिची मागणी आणि आपली गरज वेगळी नाही.

४. ‘सेवा’ म्हटले की पगार विसरायचा का?

परिचारिकेविषयी बोलताना आपण ‘सेवा’ हा शब्द वापरतो. शब्द चांगला आहे. पण त्याच शब्दाआड पुष्कळदा कमी पगार लपवला जातो. “तुमचे काम पवित्र आहे, तुम्ही पैशाकडे पाहू नये,” असे सांगितले जाते. शिक्षकांनाही लोक असेच सांगत आले. परंतु पवित्र काम करणाऱ्या माणसालाही वाण्याच्या दुकानात पैसे मोजूनच ज्वारी मिळते.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल या इंग्रज बाईचे नाव तुम्ही ऐकले असेल. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात ती जखमी सैनिकांची शुश्रूषा करण्यास गेली. रात्री हातात दिवा घेऊन ती रोग्यांमधून फिरे. तो दिवा सर्वांना ठाऊक आहे. पण तिची दुसरी बाजू कमी जणांना ठाऊक असते. सैनिक जखमांपेक्षा घाणीने आणि रोगराईने अधिक मरतात, हे तिने आकडे मांडून आपल्या सरकारला दाखवले, आणि सुधारणेसाठी ती सरकारच्या मागे लागली. १८६० साली लंडनमध्ये परिचारिकांसाठी तिच्या नावाची शाळा निघाली. म्हणजे ही थोर परिचारिका गप्प बसणारी नव्हती. अव्यवस्था दिसली की ती बोलत असे, लिहीत असे, भांडत असे.

आणि अलीकडची गोष्ट तर आपणा सर्वांच्या डोळ्यांसमोरची आहे. २२ मार्च २०२० रोजी संध्याकाळी पाच वाजता आपण दारात उभे राहून थाळ्या आणि टाळ्या वाजवल्या. करोनाच्या साथीत झटणाऱ्या डॉक्टर, परिचारिका आणि इतर सेवकांचे आभार मानले. आभार मानले, हे चांगलेच केले. पण टाळ्यांनी घरभाडे भरता येत नाही. साथ गेली, तसा आपल्याला त्यांचा विसर पडला.

५. मुंबईतली ठिणगी आणि केरळातला लढा

आपल्याकडच्या मोठ्या शहरांतील इस्पितळांत केरळातून आलेल्या पुष्कळ परिचारिका दिसतात. घरापासून इतक्या दूर येऊन, आपली भाषा शिकून त्या आपल्या माणसांची काळजी घेतात. यांतल्या कितीतरी मुली शिक्षणासाठी बँकेचे कर्ज काढतात. नोकरी लागताच हप्ते सुरू होतात.

२०११ च्या ऑक्टोबर महिन्यात मुंबईतील एका खाजगी रुग्णालयात काम करणाऱ्या केरळच्या एका तरुण परिचारिकेने आत्महत्या केली. तिच्या सोबतिणींची तक्रार ‘बॉण्ड’बद्दल होती. बॉण्ड म्हणजे बंधपत्र. अमुक वर्षे नोकरी सोडणार नाही, सोडली तर इतके हजार रुपये भरीन, असे नोकरीवर घेतानाच लिहून घ्यायचे. काही ठिकाणी तर मुलींची मूळ प्रमाणपत्रेही ठेवून घेत. प्रमाणपत्र दुसऱ्याच्या कपाटात, मग दुसरीकडे नोकरी मागायची कशी? वेठबिगारीचाच हा एक नवा प्रकार होता. त्या परिचारिकांनी काम थांबवले आणि आपली प्रमाणपत्रे परत मागितली.

ही ठिणगी केरळात पोहोचली. तेथील खाजगी इस्पितळांतही हेच दुखणे होते. तीनचार वर्षे शिकलेल्या परिचारिकेला महिन्याला अवघे काही हजार रुपये मिळत. काम आठ तासांहून किती तरी जास्त. एकटी बोलली तर नोकरी जाई. त्याच वर्षी त्यांनी ‘युनायटेड नर्सेस असोसिएशन’ ही संघटना काढली. २०१२ साली कोची, कोथमंगलम अशा गावांतील खाजगी इस्पितळांत संप झाले. मागण्या साध्या होत्या : कायद्याप्रमाणे पगार द्या, पाळी आठ तासांची करा, बॉण्ड बंद करा. राज्य सरकारने डॉ. एस. बलरामन यांच्या अध्यक्षतेखाली एक समितीही नेमली.

दुसरीकडे लढा न्यायालयातही चालू होता. भारतातील परिचारिकांची एक जुनी संस्था आहे. तिचे नाव ‘ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया’. ती १९०८ साली स्थापन झाली. तिने सर्वोच्च न्यायालयात खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांची दैना मांडली. २९ जानेवारी २०१६ रोजी न्यायालयाने केंद्र सरकारला सांगितले की, जाणत्यांची समिती नेमा आणि या प्रश्नाचा विचार करा. त्या समितीने पुढील शिफारशी केल्या :

२०० हून अधिक खाटांच्या खाजगी रुग्णालयाने राज्य सरकारच्या परिचारिकेइतकाच पगार द्यावा.

१०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयात तो सरकारी पगाराहून फार तर १० टक्के कमी असावा.

५० ते १०० खाटांच्या रुग्णालयात फार तर २५ टक्के कमी असावा.

५० हून कमी खाटांच्या रुग्णालयातही महिना २०,००० रुपयांहून कमी पगार नसावा.

रजा, कामाचे तास, औषधोपचार, जाण्यायेण्याची सोय, राहण्याची जागा, हेही सरकारी परिचारिकांप्रमाणे असावे.

शिफारस म्हणजे सल्ला. सल्ला कोणी ऐकेल, कोणी ऐकणार नाही. तो ऐकला जावा म्हणून केरळच्या परिचारिका पुन्हा उभ्या राहिल्या. जुलै २०१७ मध्ये त्यांनी मोठ्या संपाची तयारी केली. तेव्हा २० जुलै २०१७ रोजी मुख्यमंत्री पिनराई विजयन यांच्या समोर बैठक झाली, आणि किमान पगार २०,००० रुपये असावा असे ठरले. तरी आदेश निघेना. महिन्यांमागून महिने गेले. शेवटी परिचारिकांनी जाहीर केले की, २४ एप्रिल २०१८ रोजी चेर्तला या गावाहून राजधानी तिरुवनंतपुरमपर्यंत आम्ही पायी चालत जाऊ. मोर्चा निघण्याच्या आदल्या दिवशी, २३ एप्रिलला, सरकारने किमान वेतनाचा आदेश काढला. मोर्चा काढावा लागला नाही.

आदेशाने सर्व दुःखे संपली असे मात्र समजू नका. खाजगी रुग्णालयांच्या चालकांनी आदेशाविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. कागदावरचा पगार हातात पडेपर्यंत पुष्कळ वाट चालावी लागते. तरीपण एकेकट्या परिचारिकेला जे कधीच मिळाले नसते, ते एकीने मिळवले, हे खरे.

६. मग आजाऱ्याने काय करायचे?

आता आजींच्या प्रश्नाकडे येऊ. संप झाला तर आजाऱ्याने मरायचे का? याचे उत्तर शोधताना मला दूरच्या एका देशाची हकीकत उपयोगी पडली. तो देश म्हणजे ब्रिटन. केरळच्या आणि भारताच्या इतर भागांतल्या हजारो परिचारिका तेथे काम करतात, म्हणून ती हकीकत आपल्याला अगदी परकी नाही.

ब्रिटनमध्ये परिचारिकांची ‘रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग’ नावाची मोठी संघटना आहे. ती १९१६ साली निघाली. आम्ही संप करणार नाही, असा तिचा नियमच होता. तो नियम सभासदांनी १९९५ साली काढून टाकला. तरी पुढे किती तरी वर्षे त्यांनी संप केला नाही. पहिला संप झाला डिसेंबर २०१९ मध्ये, ब्रिटनचाच भाग असलेल्या उत्तर आयर्लंडमध्ये. तेथील परिचारिकांचा पगार देशातल्या इतर भागांच्या मागे पडला होता, आणि रिकाम्या जागा भरल्या जात नव्हत्या. संपानंतर महिन्याभरात, जानेवारी २०२० मध्ये, इतरांच्या बरोबरीने पगार देण्याचे मान्य झाले.

मग आला २०२२ चा ऑक्टोबर. ब्रिटनमध्ये त्या महिन्यात महागाई वर्षापूर्वीपेक्षा ११.१ टक्क्यांनी वाढली होती. परिचारिकांची पगारवाढ मात्र बहुतेकींना ४-५ टक्क्यांच्या आसपास मिळाली होती. याचा अर्थ काय? जी वस्तू १०० रुपयांना मिळत होती ती १११ रुपयांना झाली, आणि १०० रुपये पगार १०५ रुपये झाला. म्हणजे पगार वाढला असे दिसते, पण पिशवीत माल कमी येतो. १५ आणि २० डिसेंबर २०२२ रोजी इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड येथील परिचारिका संपावर गेल्या. इतका मोठा संप त्यांनी पूर्वी कधी केला नव्हता.

पण त्या दिवशी रोग्यांना वाऱ्यावर सोडले नव्हते. संपाची सूचना आगाऊ दिली होती. कर्करोगावरील औषधोपचार, मूत्रपिंडाच्या रोग्यांचे रक्त शुद्ध करणारे डायलिसिस, अतिदक्षता विभाग, तान्ह्या मुलांचा अतिदक्षता विभाग, ही कामे चालू ठेवली होती. जे ऑपरेशन पुढे ढकलता येईल, ती तपासणी आठ दिवसांनी चालेल, ती थांबली. त्यामुळे लोकांना त्रास झालाच. ज्याची तारीख पुढे गेली, त्याला वाईट वाटणारच. ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्रास होणे वेगळे आणि जीव धोक्यात टाकणे वेगळे. ही रेषा संप करणाऱ्यांनी पाळली पाहिजे, आणि आपणही ओळखली पाहिजे.

या संपाचा शेवट काय झाला? सरकारने २०२३-२४ या वर्षासाठी ५ टक्के वाढ आणि मागच्या वर्षासाठी एकरकमी पैसे देऊ केले. परिचारिकांच्या संघटनेत मतदान झाले. ५४ टक्क्यांनी नको म्हटले, ४६ टक्क्यांनी हवे म्हटले. पण रुग्णालयांतील इतर संघटनांनी बहुमताने तडजोड मान्य केली, आणि ती लागू झाली. परिचारिकांनी जून २०२३ मध्ये संप पुढे चालू ठेवण्यासाठी पुन्हा मतदान घेतले. मत देणाऱ्यांपैकी ८४ टक्के संपाच्या बाजूचे होते. पण तेथील तेव्हाच्या कायद्याप्रमाणे निम्म्या सभासदांनी तरी मत द्यावे लागत होते. मते दिली ४३ टक्क्यांनीच. म्हणून संप थांबला. त्यांना मागितले तेवढे मिळाले नाही, पण काहीतरी मिळाले. आणि जे घडले ते मतपेटीतून, मोजून, उघडपणे घडले.

आता आजींना माझे उत्तर असे आहे : “आजी, संपाच्या दिवशी अत्यवस्थ रोग्यापाशी माणूस राहिलंच पाहिजे. तो न ठेवणारा संप मला मान्य नाही. पण एक विचारतो. संप नसतो त्या रात्री चाळीस खाटांवर एकच सिस्टर असते. तेव्हा आजाऱ्याचं काय होतं, हे आपण कधी विचारतो का? संप दोन दिवसांचा असतो. ती रात्र तर रोजची आहे.”

७. योग्य संप कसा ओळखावा?

कोणाही संपाला डोळे झाकून पाठिंबा द्यावा, असे मी म्हणत नाही. पाठिंबा देण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली : आधी बोलून पाहिले का? अर्ज, भेट, काळ्या फिती लावून काम, धरणे, या पायऱ्या आधी चढल्या पाहिजेत. संप ही शेवटची पायरी आहे.

दुसरी : आगाऊ सूचना दिली का? न सांगता एकाएकी काम टाकणे हे रोग्यावर अन्याय करणारे आहे, आणि कायद्यालाही धरून नाही.

तिसरी : तातडीच्या कामाची सोय ठेवली का? प्रसूती, अपघात, अतिदक्षता, डायलिसिस, ही कामे थांबता कामा नयेत.

चौथी : निर्णय सर्वांनी मिळून घेतला का? चार पुढाऱ्यांनी ठरवले आणि बाकीच्यांनी मान डोलावली, असे नसावे. संघटनेच्या पैशाचा हिशेबही सभासदांना मिळाला पाहिजे.

ही चौकशी आपण करावी. पण तीच चौकशी दुसऱ्या बाजूचीही करावी. सरकारने अथवा चालकांनी अर्जाला उत्तर दिले का? दिलेला शब्द पाळला का? रिकाम्या जागा किती दिवस रिकाम्या आहेत? बहुतेक वेळा असे दिसते की, संप परिचारिका जाहीर करतात, पण तो पिकतो तो वरच्या कचेरीत पडून राहिलेल्या अर्जांतून.

८. आपण काय करू शकतो?

“आपण गरीब माणसं, आपल्या पाठिंब्यानं काय होणार?” असे कोणी म्हणेल. तसे नाही. रोगी आणि त्यांचे नातेवाईक विरुद्ध गेले, की परिचारिका एकट्या पडतात. “पाहा, या बायकांमुळे लोकांचे हाल होत आहेत,” असे म्हणायला चालकांना सोपे जाते. तेच रोगी जर म्हणाले, “यांच्या मागण्या आमच्याही आहेत,” तर ते बोलणे बंद पडते.

म्हणून पुढील गोष्टी कराव्यात. संपाची बातमी आली तर आधी मागण्या काय आहेत ते वाचावे. आता तुम्हांला वाचता येते. दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबू नये. धरणे धरून बसलेल्या परिचारिकांपाशी जाऊन दोन शब्द बोलावेत, पाण्याचा तांब्या न्यावा. कामावर असलेल्या सिस्टरवर आवाज चढवू नये, हात उगारणे तर दूरच. आपल्या गावच्या आरोग्य केंद्रात परिचारिकेची जागा रिकामी असेल, तर ग्रामसभेत ते विचारावे. आणि अर्ज लिहावा.

अर्ज कसा लिहावा, त्याचा नमुना खाली देतो.

मा. वैद्यकीय अधीक्षक यांस,

विषय : परिचारिकांच्या रिकाम्या जागा भरण्याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे या गावचे रहिवासी आपल्या रुग्णालयात उपचारांसाठी येतो. रात्रीच्या वेळी वॉर्डात एकच परिचारिका असते, असे आम्ही पाहिले आहे. त्यामुळे रोग्यांकडे वेळेवर लक्ष देणे तिला शक्य होत नाही. परिचारिकांनी आपल्याकडे ज्या मागण्या केल्या आहेत, त्यांपैकी जागा भरण्याची, आठ तासांच्या पाळीची आणि वेळेवर पगाराची मागणी आम्हांस न्याय्य वाटते. त्यांच्याशी लवकर बोलणी करून संपाची वेळ येऊ देऊ नये, ही विनंती.

आपले नम्र,
(सह्या)

हा अर्ज वर्गात मोठ्याने वाचून झाल्यावर आजींनी विचारले, “सही कुठं करायची?” मी म्हटले, “आजी, हा तर नमुना आहे.” त्या म्हणाल्या, “असू द्या. खरा लिहाल तेव्हा पहिली सही माझी.” वर्षापूर्वी त्या अंगठा उठवीत होत्या. आता त्या आपले नाव लिहितात. काकूंनी त्यांच्याकडे पाहिले आणि पदराने डोळे पुसले.

मला मात्र त्या रात्रीच्या सिस्टर आठवल्या. त्यांची क्षमा मागायची राहून गेली आहे. त्या अर्जावर मीही सही करणार आहे.

प्रश्न

१. एका पाळीत परिचारिका कोणकोणती कामे करते? पाच कामे लिहा.

२. वॉर्डात २४ रोगी आहेत आणि एक परिचारिका आहे. आठ तासांच्या पाळीत प्रत्येक रोग्याच्या वाट्याला किती मिनिटे येतील? परिचारिका दोन झाल्या तर किती येतील?

३. बॉण्ड म्हणजे काय? मूळ प्रमाणपत्र ठेवून घेतल्याने काय अडचण होते?

४. पगार १०० रुपयांचा १०५ झाला आणि १०० रुपयांची वस्तू १११ ला झाली, तर माणसाचा फायदा झाला की तोटा? का?

५. योग्य संप ओळखण्याच्या चार खुणा कोणत्या? त्यांतली कोणती तुम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते?

६. तुमच्या गावच्या आरोग्य केंद्रात परिचारिकांच्या जागा किती, आणि त्यांतल्या भरलेल्या किती? चौकशी करा, वहीत लिहा, आणि पुढच्या वर्गात वाचून दाखवा.